एका बाकाची खानावळ

नाथा तांडेलने माझ्या पुढ्यातलं भरलं ताट उचलून नेलं होतं, ही गोष्ट आमच्या चिखले गावात सगळ्यांना ठाऊक आहे. अजूनही कुणाच्या लग्नात मी पंगतीला बसलो की मागून एखादा म्हणतोच, "मास्तर, सावकाश. ताट जाईल." मी हसतो. त्या दिवशी संध्याकाळी मी काय केलं, ते मात्र दोघांनाच ठाऊक आहे, आणि त्यातला एक मी. सहा वर्षं मी ते सांगायचं टाळलं. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. टाळायला फार जागा उरलेली नाही, म्हणून लिहितो. पण आधी नाथा कसा होता ते सांगतो. तो कळल्याशिवाय माझी चूक केवढी होती ते कळणार नाही.

नाथा आणि मी एका वर्गात होतो. चौथीनंतर तो बोटीवर गेला आणि मी पुढे शिकून मास्तर झालो. तलासरी तालुक्यात, वेवजीला आणि उधव्याला, मी तीस वर्षं शिकवलं. त्याने आधी वीसेक वर्षं जाळी ओढली, आणि मग पस्तीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाक केला. आठ खलाशी, एक स्टोव्ह आणि पायाखाली हलणारी जमीन. बोट कितीही कलली तरी नाथाच्या टोपातलं कालवण सांडत नसे, अशी त्याची ख्याती होती. पण त्या कालवणाबद्दल पस्तीस वर्षांत कुणी चकार शब्द काढला नव्हता. "खलाशी जेवत नाय, मास्तर," तो म्हणायचा, "इंजिनात डिझेल ओतल्यासारखं ओततो."

गुडघे गेले तेव्हा तो जमिनीवर आला. पुढच्याच वर्षी त्याची बायको जमना गेली. घरी मुलगा जगदीश, सून आणि एक मोठा टीव्ही. टीव्ही जगदीशने क्रिकेटसाठी घेतला होता. एका दुपारी घरात कुणी नसताना नाथाने रिमोटवर काहीतरी दाबलं आणि एक जपानी मालिका सुरू झाली. बदलायचं कसं ते कळेना म्हणून तो बघत बसला, आणि बघता बघता त्याची बदलायची इच्छाच गेली.

मालिका अशी होती. एक छोटं बेट. बेटाच्या धक्क्यावर एक बाई खानावळ चालवते. दिवसातून दोन वेळा होडी येते. होडीची वाट बघणारा कुणीतरी आत येतो, बाई त्याला एक पदार्थ करून वाढते, तो खातो आणि होडी आली की जातो. संपलं. खून नाही, सासू नाही, कुणाची स्मृती जात नाही. बाई तांदूळ धुते ते आपण बघायचं. पाणी गढूळ, मग कमी गढूळ, मग स्वच्छ. पूर्ण बघायचं.

मला त्याने भाषांतरासाठी बोलावलं. पडद्याच्या खाली इंग्रजी पट्टी येत होती. मी चष्मा लावून, खुर्ची पुढे ओढून बसलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पट्टी येईना. अखेर बाई बोलली.

"काय बोल्ली?" नाथा पुढे सरकला.

"भात झाला."

"मग तो काय बोल्ला?"

"हो का, असं म्हणाला."

पुन्हा आठ मिनिटं कुणी काही बोललं नाही. माणूस वाफेकडे बघत होता. मग बाईने वाडगा पुढे ठेवला आणि तो काहीतरी पुटपुटला.

"आता?"

"गरम आहे म्हणतो. नाथा, यात भाषांतर काय करायचं? घटकाभरात सहा वाक्यं झाली, ती मला पाठ झालीत!"

नाथाने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मास्तर, तू शब्द सांगतोस. ती 'भात झाला' कशी बोल्ली ते नाय सांगत. ऐक परत." आणि त्याने ते मागे नेऊन पुन्हा लावलं. एव्हाना रिमोट त्याला माझ्यापेक्षा बरा कळू लागला होता.

त्यानंतर मी रोज दुपारी जाऊ लागलो. माझी बायको तोवर गेलेली, मुलं बोईसरला आणि त्याच्याही पलीकडे. घरी बसून वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचण्यापेक्षा हे बरं. एकदा मालिकेत त्या बेटावरची मासळी वाळत घातलेली दाखवली. बांबूच्या उंच चौकटी आणि त्यांवर लटकलेली मासळी. नाथा उठून उभा राहिला. आमच्याकडे बोंबील असेच वाळवतात, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. त्या चौकटीला आम्ही वलांडी म्हणतो. नाथाने खिडकीतून निम्म्या पाड्याला हाका मारल्या. "या रे, या! आपलीच वलांडी! जपानात!" आठ-दहा माणसं जमली. नाथाने चित्र थांबवून ठेवलं आणि काठीने दाखवत सांगितलं, की ही लोकं मूळची आपल्यातलीच, कधीतरी वाऱ्याने बोट भरकटली आणि तिकडेच राहिली. "पण टांगायला विसरले बघ. मासा मासा वेगळा टांगलाय. एवढी जागा फुकट घालवतात."

एक म्हातारी म्हणाली, "नाथा, त्यांना कळव रे."

"कळवतो," नाथा गंभीरपणे म्हणाला.

त्याची घाईबद्दलची मतं मालिकेआधीपासूनच ठाम होती, फक्त आता त्यांना आंतरराष्ट्रीय आधार मिळाला. सुनेने विचारलं, "बाबा, मासे झाले का?" की उत्तर यायचं, "थांब. माशाला अजून कळलं नाय तो शिजतोय." कुणी जेवताना फोन घेतला की म्हणायचा, "एकाच वेळी दोन तोंडं चालवू नको." आणि एक वाक्य तर दिवसातून दहा वेळा: "भरती काय पळून चाललीय?" ज्या माणसाने उभं आयुष्य भरतीच्या मागे धावत काढलं, त्याच्या तोंडी हे वाक्य ऐकून जुने खलाशी हसायचे.

एका भागात एक म्हातारा त्या बेटावरच्या खानावळीत भात खात बसलेला असतो. बाहेर होडी भोंगा देते. म्हातारा मान वर करतो, होडीकडे बघतो, वाडग्याकडे बघतो आणि पुढचा घास घेतो. होडी निघून जाते. बस, एवढंच. नाथा अर्धा उठला, पुन्हा बसला. "होडी सोडली त्याने," तो हळूच म्हणाला. "मास्तर, भातासाठी होडी सोडली." तो भाग त्याने नंतर किती वेळा पाहिला ते मोजण्यात अर्थ नाही. का पाहिला, ते मी तेव्हा विचारलं नाही. मला कंटाळा आला होता.

मग त्याने खानावळ काढली. डहाणूहून बोर्डीला जाणारा रस्ता आमच्या गावातून जातो, आणि रस्त्यापलीकडे सुरूच्या झाडांखाली त्याच्या घराची मासळी वाळवायची जागा आहे. तिच्या एका कोपऱ्यात चार बांबूंवर झावळ्या, एक चूल आणि एक बाक. बाक उधव्याच्या शाळेतून मोडीत निघाला होता. मीच तो टेम्पोत घालून आणला होता. दोघांपुरता. त्यावर कुणा विद्यार्थ्याने करकटकाने बोट कोरलेली होती, ती नाथाला फार आवडली.

नियम असे: रोज एकच पदार्थ, तोही नाथा ठरवणार. एका वेळी दोनच माणसं. वाढल्यावर बोलायचं नाही. खाऊन झाल्यावर मात्र बोलायलाच पाहिजे, आणि 'मस्त' म्हणून चालायचं नाही. पहिल्या घासाला काय लागलं, शेवटच्या घासाला काय लागलं, नीट सांगायचं. मी आयुष्यभर मुलांच्या तोंडी परीक्षा घेतल्या, पण एवढा कडक परीक्षक मी पाहिला नाही.

शनिवार-रविवारी गाड्या थांबायच्या. एक गुजराती कुटुंब उतरलं. गृहस्थांनी विचारलं, "काका, केटली वार?"

"भात शिजेल तेवढी."

"तो पण, केटली?"

"ते भाताला विचारा. मी चूल बघतो."

गाडी गेली. नाथा अजिबात खट्टू झाला नाही. दिवसाला चार माणसं जेवली तरी त्याला बंदर भरल्यासारखं वाटायचं. पाचवा मी. मी रोज बसायचो, पटापट जेवायचो आणि काहीतरी उत्तर ठोकून द्यायचो. मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटांत डबा संपवायची सवय माझ्या हाताला तीस वर्षांची. माझी बायको म्हणायची, तुम्ही जेवत नाही, तुम्ही हजेरी घेता. नाथा माझ्याकडे बघायचा आणि मान हलवायचा.

आणि मग तो दिवस आला. कैऱ्यांचे दिवस होते. वेवजीच्या शाळेत माझा सत्कार होता. माझा एक जुना विद्यार्थी, आता मोठा साहेब झालेला, मला न्यायला गाडी घेऊन आला. त्याच्यासोबत त्याची बायको. मला त्यांना नाथाची गंमत दाखवायची होती. म्हटलं, इथेच जेवू आणि निघू. नाथाने दीड तास लावला. साहेब आणि त्यांची बायको सुरूखाली फोटो काढत होते, आणि मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. शेवटी ताट आलं. सुक्या बोंबलाचं, कैरी घातलेलं कालवण आणि भात. नाथाने आधी मला एकट्यालाच वाढलं आणि समोर उभा राहिला. एरवी तो चुलीकडे वळायचा. त्या दिवशी वळला नाही.

मी डाव्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपुढे धरलं आणि उजव्याने चार घास भरले. पाचवा तोंडाशी नेतोय, तोच नाथाने ताट उचललं.

"मास्तर, तुझं जेवण झालं."

"अरे, अर्धंसुद्धा..."

"झालं. उरलेलं तू खाणारच नव्हतास."

आणि तो ताट घेऊन चुलीमागे गेला. मग साहेब खो-खो हसत सुटले. "सर, शाळेत तुम्ही आमच्या वह्या अशाच उचलून न्यायचात!" वेवजीला व्यासपीठावर त्यांनी हीच गोष्ट माईकवरून सांगितली. शाल-नारळ माझ्या मांडीवर, आणि समोर अख्खी शाळा हसतेय. मीही हसलो. तीस वर्षं मी त्या तालुक्यात कुणाला माझ्यावर हसू दिलं नव्हतं.

संध्याकाळी परत आलो तर जगदीश माझ्या ओट्यावर वाट बघत बसलेला. हा मुलगा बापासारखा बडबड्या नाही. त्या मोसमात त्याने दुसऱ्या बोटीत भागी घेतली होती. माल दुप्पट येणार होता, आणि वाळवायची जागा होती तेवढीच. खानावळीचा कोपरा मिळाला तर तिथे आणखी एक वलांडी उभी राहिली असती.

"मास्तर, तुम्ही बाबांना लहानपणापासून ओळखता," तो म्हणाला. "खरं सांगा. बाबांचा जीव असेल त्याच्यात, तर मी वेवस्था दुसरीकडे करतो. थोडी लांब पडेल जागा, पण करतो. नुसताच टाइमपास असेल, तर बांधू का?"

इतका नीट प्रश्न मला आयुष्यात क्वचितच कुणी विचारला असेल. उत्तर मला ठाऊक होतं. मी खांद्यावरची शाल काढून घडी घातली आणि म्हणालो, "टीव्ही बघून आलेलं खूळ आहे ते. चार दिवसांत विसरेल. तू वलांडी बांध."

तो उठला. फाटकापर्यंत गेल्यावर मी त्याला हाक मारली. "आणि जगदीश, यात माझं नाव घेऊ नको."

"नाय घेत," तो म्हणाला. त्याने नाही घेतलं. आजपर्यंत नाही.

दोन दिवसांनी झावळ्या उतरल्या, बाक घरामागे गेला आणि त्या कोपऱ्यात बोंबील लटकले. नाथाने भांडण केलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने जगदीशशी बोलणंच टाकलं. एका घरात राहून तो सुनेला सांगायचा, "त्याला सांग, डिझेल बघ," आणि 'तो' तीन हातांवर बसलेला असायचा. गावाने आपला निकाल देऊन टाकला. बापाचा बाक उचलून बोंबील टांगणारा मुलगा. बाजारात बायका जगदीशच्या तोंडावर बोलायच्या. तो टोपली उचलायचा आणि पुढे जायचा. मी तिथेच उभा असायचो, पिशवी हातात धरून.

पाच-सहा महिने काढले, आणि मग मी ठरवलं की सांगून टाकायचं. दुपारी नाथाकडे गेलो. तो टीव्हीसमोर होता. होडी सोडणाऱ्या म्हाताऱ्याचा भाग.

"नाथा, मला एक बोलायचंय."

"आधी बघ. मग बोल."

होडीने भोंगा दिला. म्हाताऱ्याने पुढचा घास घेतला. नाथाने चित्र तिथेच थांबवलं आणि पडद्याकडे बघतच बोलायला लागला.

"मी बोटीवरून यायचो ना, जमना कालवण करून ठेवायची. मी उभ्या उभ्या खायचो. ती विचारायची, कसं झालंय? मी बोलायचो, भरती लागलीय. पस्तीस वर्षं, मास्तर. तिने विचारायचं, कसं झालंय, आणि मी बोलायचं, भरती लागलीय. आता ती नाय तर मला कळलं, कसं झालं होतं. मग मी करायला लागलो. दरवेळी काहीतरी चुकायचं. कधी चिंच घालून बघितली, कधी कैरी. मग एकदा कैरी शेवटी घातली, आच काढल्यावर. आणि जमलं. तसंच. पण माझ्या जिभेचा काय भरवसा? जगदीश तर खलाशी, तो ओततो; जमनाच्या हातचं खाल्लेला दुसरा माणूस गावात एकच. रविवारी तलासरीहून यायचास तेव्हा आमच्याकडेच जेवायचास. म्हटलं, मास्तर सांगेल."

मला पुढचं कळलं होतं, तरी मी विचारलं, "मग ताट का उचललंस?"

"तू घड्याळ बघत होतास," तो म्हणाला. "मला वाटलं, मीच बसलोय बाकावर."

थोड्या वेळाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मास्तर, जगदीशने आधी तुला विचारलं असतं ना, तर तू त्याला थांबवलं असतंस." मी चहा प्यालो आणि घरी आलो.

त्यानंतर साडेतीन वर्षं मी रोज सकाळी ठरवायचो आणि रोज दुपारी त्याच्या शेजारी बसून जपानी बाईला तांदूळ धुताना बघायचो. मला ती मालिका आवडायला लागली होती, हेही सांगून टाकतो. काही होत नाही असं मला वाटायचं, ते खरं नव्हतं. माणूस घास तोंडात ठेवतो आणि त्याचे खांदे अर्धा इंच खाली येतात. ते बघायला बसावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी, पुन्हा कैऱ्यांच्याच दिवसांत, मी शेवटचा निश्चय करून गेलो. नाथा फार वाळला होता. पण चुलीशी होता. मला बघून म्हणाला, "बस." घरामागे, शेवग्याखाली तो बाक होता. मी करकटकाच्या बोटीवर हात ठेवून बसलो. मी तोंड उघडलं, तर त्याने ताट पुढे ठेवलं. बोंबलाचं कालवण, कैरी, भात. वाढल्यावर बोलायचं नाही, हा नियम.

मी घड्याळ काढून खिशात घातलं. पहिला घास घेतला. आधी बोंबलाचा खारटपणा, मग तिखट, आणि ते ओसरल्यावर मागून, उशिरा, कैरी. मला रविवार आठवले. तलासरीहून धुळीने माखून आलेला मी, ओट्यावर भांडी आपटत "हात धुवा आधी, मास्तर," म्हणणारी जमनावहिनी. मी सगळं ताट संपवलं. किती वेळ लागला कोण जाणे. नाथा समोर जमिनीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि घराच्या दारात जगदीश जाळं हातात घेऊन उभा होता.

"कसं झालंय?" नाथाने विचारलं.

माझ्याजवळ त्या वेळी दोन वाक्यं होती. एक मी बोललो. "जमनावहिनीचं आहे, नाथा. तंतोतंत."

त्याने मान खाली घातली. पळी हातात घेतली आणि धुतलेलीच पळी पंच्याने बराच वेळ पुसत राहिला. त्या चेहऱ्यासमोर दुसरं वाक्य काढणं मला जमलं नाही. म्हटलं, उद्या. त्याला आज हे पुरे. मी उठलो तेव्हा दारातल्या जगदीशने माझ्याकडे पाहिलं, आणि मग जाळ्याकडे पाहिलं.

नाथा त्याच आठवड्यात गेला, झोपेत, कुणाला त्रास न देता. जगदीशशी बोलल्याशिवाय गेला.

हे लिहून झाल्यावर मी शेवग्याखालच्या बाकावर बसून पहिल्यांदा जगदीशला वाचून दाखवलं. ऐकून तो म्हणाला, "राहू द्या मास्तर, छापू नका. म्हातारपणी कशाला?" मी म्हणालो, "छापणार. गावाला कळू दे." आत जाऊन त्याने माझ्यासाठी भात आणला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. आम्ही सावकाश जेवलो.

दुसरं वाक्य असं होतं: नाथा, तुझा बाक जगदीशने नाही उचलला, मी उचलायला लावला, मला माफ कर.